दोन पळ्या तळ्याचं पाणी

आई, तुझी चांदीची पळी मी ऑस्ट्रेलियाला नेली होती. तुला आवडलं नसतं. माझ्या लग्नात ती हातात ठेवताना तू म्हणाली होतीस, "स्वल्प झिजली आहे, पण माझ्या आईची आहे. घर सोडून हिंडवू नकोस." पण हे गेल्यावर मुलगा हट्टानं तीन महिने तिकडे घेऊन गेला, आणि तीन महिने तीर्थाशिवाय मी कशी राहणार? म्हणून बाळकृष्ण, पंचपात्र आणि पळी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली. त्याला आता तीन वर्षं झाली. तुला जाऊन एकतीस. आज लिहायला बसले, कारण सकाळी पूजेच्या वेळी मला एक गोष्ट बोलायची होती आणि मी बोलले नाही. ती तुला कळायची तर आधी त्या तळ्याचं सांगायला हवं.

तिकडे कॅराव्हॅन म्हणून असते. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची खोली समज. आत पलंग, शेगडी, बेसिन, सगळं. मुलगा, सून, पाच वर्षांची नात आणि मी असे चौघं निघालो आणि तिसऱ्या दिवशी एका तळ्याकाठी थांबलो. तिथं राहायला भाडं नाही हे ऐकून मी खूश. "फुकट म्हणजे काहीच नाही हं आई," मुलगा हसत म्हणाला. "वीज नाही, नळ नाही. टाकीत आहे तेवढंच पाणी, दोन दिवस पुरवायचं." हे मला सांगायला नको होतं. बंगळुरात, चिकपेटच्या आपल्या घरात सकाळी दोन तास नळ यायचा आणि तू पाच माणसांचं त्यात भागवायचीस. अंघोळीच्या बादलीवर हात धरून सात नद्यांची नावं घ्यायचीस. मी एकदा विचारलं होतं, हे नळाचं पाणी, यात गंगा कुठून येणार? तू म्हणालीस, "बोलावलं की येते. बोलावून तर बघ." साठी उलटली माझी, अजून बोलावते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे झोपलेले. मी ओल्या फडक्यानं अंग पुसून घेतलं. देवासाठी टाकीतलं तांब्याभर पाणी काढायला जीव होईना, आणि समोर तर एवढं तळं पसरलेलं. काठावर एक पाटी होती, पोहणाऱ्या माणसाच्या चित्रावर तांबडी फुली. खाली इंग्रजीत बरंच काही. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीवर पहिल्या दोन ओळी वाचल्या, पोहायला मनाई आहे एवढं कळलं, आणि पुढे गेले. मला कुठं पोहायचं होतं! काठाशी पाण्यावर हिरवट साय होती. ती हातानं बाजूला सारली. बंगळुरातल्या तळ्यांवरचा फेस बघितलेली मी. हे तर परदेश, जवळपास कारखाना नाही, वस्ती नाही. एका सपाट दगडावर बसून पंचपात्र भरलं, सात नद्यांची नावं घेतली, बाळकृष्णाला स्नान घातलं. तेवढ्यात नात अनवाणी, झोपेतून उठून तशीच आली. शेजारी मांडी घालून बसली आणि उजव्या तळहाताचा खळगा करून पुढे केला. मीच शिकवलेलं. मी एक पळी तीर्थ दिलं. "आणखी, आजी." दुसरी दिली. ओला हात तिनं डोक्यावरून फिरवला. मग मीही घेतलं.

नऊच्या सुमाराला पलीकडच्या कॅराव्हॅनमधला म्हातारा आला. कुत्र्याची दोरी मनगटाला दोन वेढे देऊन धरलेली. मुलाशी बोलताना तो सारखा तळ्याकडे हात करत होता. तो गेल्यावर मुलगा म्हणाला, "पाण्यात विषारी शेवाळ आलंय म्हणे. गेल्या आठवड्यात कुणाचं तरी कुत्रं ते पाणी प्यायलं आणि मेलं."

"बाप रे," सून म्हणाली. "कुणीही पाण्याला हात लावायचा नाही, ओके? आई, तुम्ही पण. पाय धुवायला सुद्धा नाही."

"सरी, बरं," मी म्हटलं.

नात ब्रेडला जॅम लावत होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

कुत्रं केवढं असेल, किती प्यायलं असेल, एवढंच डोक्यात. मला काही होत नव्हतं, तेवढाच धीर. मुलगा आणि सून खुर्च्या टाकून बदकं दाखवत बसले आहेत, आणि मी काही ना काही निमित्तानं नातीच्या कपाळाला हात लावते आहे. अकरा वाजता ती म्हणाली, झोप येते. ही मुलगी दिवसा कधी झोपत नाही. "बरं झालं, हवा मानवली," सून म्हणाली. मी पायथ्याशी बसून जप करते आहे आणि जप चुकतो आहे, कारण डोळे तिच्या वरखाली होणाऱ्या पोटावर. आता सांगते, तिनं कूस बदलली की सांगते, असं म्हणत एक वाजला. ती उठली, बाहेर आली आणि ओकली.

"दूध!" सून म्हणाली. "पेटीतला बर्फ कालच वितळला होता. मीच वेंधळी, तेच दूध दिलं तिला."

"थांब, घाबरू नकोस," मुलगा म्हणाला. "साखरमिठाचं पाणी देऊ, तासभर बघू. हॉस्पिटल सत्तर किलोमीटर आहे."

ती पुन्हा ओकली. या वेळी नुसतं पाणी. सून रडवेली होऊन दूध दूध करत होती, स्वतःला बोल लावत होती, आणि तासभर बघायचं ठरत होतं.

"दुधाचं नाही," मी म्हटलं. "ती तळ्यातलं पाणी प्यायली."

"कधी?"

"सकाळी. मी पूजेत होते. ओंजळीनं प्यायली."

खोटं माझ्या तोंडून निसटलं. सुनेनं नातीचे दोन्ही खांदे धरले. "किती वेळा सांगितलंय, बाहेरचं पाणी तोंडात घालायचं नाही म्हणून? आणि सांगायचं नाही?" नातीनं बाहीनं ओठ पुसले आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "सॉरी, मम्मा."

"आई, तो माणूस सांगून गेला तेव्हाच बोलायचं ना!" मुलगा ओरडला. त्याला उत्तर नको होतं, गाडीची किल्ली हवी होती. कॅराव्हॅन तिथंच सोडून आम्ही निघालो.

हॉस्पिटलमध्ये नर्सनं वाकून नातीला विचारलं, किती प्यायलीस? तिनं दोन बोटं दाखवली. नर्सनं घोट घेतल्यासारखं करून दाखवलं. दोन मोठे घोट? नातीनं माझ्याकडे बघून मान हलवली, हो. डॉक्टरांचं बोलणं मुलानं आम्हाला सांगितलं, "थेंबभर असतं तर नुसतं लक्ष ठेवलं असतं म्हणे. पण एवढं प्यायली तर रक्त तपासायला हवं." ते दोन घोट नव्हते, दोन पळ्या होत्या. तुझ्या झिजलेल्या पळीत मावतं केवढं, ते त्या खोलीत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. त्यातली एक पाच वर्षांची. पहिल्या सुईला शीर सापडली नाही. दुसऱ्यांदा टोचलं. तिनं माझा अंगठा इतका घट्ट धरला होता की नखं उमटली, आणि मी तिला म्हणत होते, "झालं हं, झालं." संध्याकाळपर्यंत ती खेळायला लागली. रक्तात काही निघालं नाही. पाण्यामुळे झालं की दुधामुळे, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तुला लोणच्याची भरणी आठवते? मी दहा वर्षांची होते. ओला चमचा घातला आणि सगळ्या लोणच्याला बुरी आली. अण्णांनी विचारलं तेव्हा मी अक्काचं नाव सांगितलं. अक्काचं लोणचं महिनाभर बंद. महिना संपला त्या दिवशी माझ्या पानात वाढताना हळूच म्हणालीस, "चमचा कुणाचा होता ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तू कधी सांगतेस ते बघत होते." अक्काला तू सांगितलं नाहीस, ते माझ्यावर सोडलंस. अक्का गेल्या वर्षी गेली. मी सांगितलं नव्हतं.

आता सगळे सुट्टीला बंगळुरात आले आहेत. नात आठ वर्षांची झाली. तळ्याची गोष्ट घरात थट्टेची झाली आहे, तिला सगळे बेडकी म्हणतात. आज पूजेला ती शेजारी येऊन बसली आणि हात पुढे केला. दारात कॉफीचा लोटा घेऊन सून उभी. "पाणी फिल्टरचं आहे ना आई? आमच्या बेडकीला काय, तळंसुद्धा चालतं." आतून मुलगा हसला. मीही हसले. आई, मीही हसले. नात हसली नाही. खालच्या आवाजात, मलाच ऐकू येईल असं म्हणाली, "एकच दे, आजी."

ती विसरलेली नाही. मी पळी भरली, पण अर्धं तीर्थ ताम्हनातच सांडलं. बोलायला काय लागत होतं? ती प्यायली नाही, मी पाजलं. पाच शब्द. सून दारातच होती.

आता ते तिघं चिकपेटला साड्या बघायला गेले आहेत, पाचपर्यंत मेट्रोनं येतील. आल्यावर सांगेन असं इथं लिहिणार होते, पण तुला तसा शब्द द्यायचं धाडस होत नाही. भरणीच्या वेळीही तुला तेच म्हणाले होते.

ही हिशेबाच्या वहीची मागची पानं. पाठवायची कुठं? इथंच राहतील. पण वहीत काही चुकीचं लिहिलं गेलं तर मी ते खोडत नाही, खाली दुरुस्ती लिहिते. वर लिहिलं आहे की खोटं तोंडून निसटलं. निसटलं नाही. नात दुसऱ्यांदा ओकत होती आणि सून तिची पाठ चोळत होती, तेव्हा मी आधी आत गेले, तुझी पळी पदरानं कोरडी पुसली, रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली, आणि मग बाहेर येऊन बोलले.