चौदाव्या फेअरवेची डावी कड

मी, डॉ. मर्डो गिलफिलन, वय एकाहत्तर, राहणार किल्मोरन, स्कॉटलंड, किल्मोरन गोल्फ क्लबाचा सव्वीस वर्षे मुख्य मैदानपाल, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझे यकृत निकामी झाले आहे, बुद्धी नाही. वकिलाने पाठवलेला मसुदा मी वापरलेला नाही. त्याच्या पहिल्याच पानावर तीन चुका होत्या.

१. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

२. माती तपासण्याची उपकरणे व गवतावरील ग्रंथ कृषी महाविद्यालयास द्यावेत. समासात मी केलेल्या दुरुस्त्या खोडू नयेत.

३. पुतण्या फर्गस यास वायुभारमापक. तो दर रविवारी मला भेटायला येतो आणि दर वेळी घड्याळ पाहतो. माझा लांब दांड्याचा विळा त्याला देऊ नये; बोथट पात्याने तो स्वतःच्या अंगणातले गवत कापत नाही, फाडतो.

४. अजिंक्यपद स्पर्धा १९८४ साली आमच्याकडे येणार, हे दोन वर्षे आधी कळले. फेअरवे, म्हणजे ज्या कापलेल्या पट्ट्यावरून चेंडू न्यायचा, तो अरुंद करणे म्हणजे रंगकाम नव्हे. कड आखून तिच्याबाहेरची कापणी दोन हंगाम थांबवावी लागते. तिथले गवत एकदा दाटले की ते महिन्याभरात मागे फिरत नाही. समितीने चौदाव्या फेअरवेसाठी पंचवीस यार्ड रुंदी मागितली. मी नकाशावर एकवीस आखली, सबंध पट्टा डावीकडे सरकवला आणि कडेने खुंट्या ठोकल्या. माझ्या मैदानाला हसत कोणी घरी जाऊ नये, एवढेच मनात होते.

डावीकडे, बांधामागून, गावाची समुद्रावर जाणारी खोलगट वाट आहे, क्लबापेक्षा जुनी. रीत अशी की वाटसरूने बांधापाशी हात वर करायचा आणि तो पार होईपर्यंत खेळणाऱ्याने थांबायचे.

माझा दुय्यम वुली स्ट्रँग कापणीचे यंत्र बंद करून खाली उतरला.

“डॉक्टर, बांधावर गवत माजलं तर पलीकडचं माणूस दिसायचं नाही.”

“तू कुठल्या विद्यापीठातून आलास, वुली?”

“गवत बघायला पदवी लागत असेल. माणूस बघायला डोळे पुरतात.”

“तू खुंट्यांवरून काप. विचार करायचा पगार मला मिळतो.”

त्याने खुंट्यांवरूनच कापले. बोटभरही फरक नव्हता. मी मोजले होते.

सरावाच्या मंगळवारी एफी कार्गिल, वय अठ्ठावन्न, शिंपले वेचायला निघाली. तिने हात वर केला होता, असे मागून येणाऱ्या बाईने सांगितले. चेंडू कानशिलावर बसला. गुरुवारी ती गेली. स्पर्धा ठरल्याप्रमाणे पार पडली.

क्लबाच्या सभागृहात, भरल्या शनिवारी, चौकशी झाली. कड बांधाजवळ कशी गेली, असे मला विचारले. मी सांगितले की नकाशात ती चार यार्ड उजवीकडे होती, कापणाऱ्याचा हात सरकला. नकाशा हरवला म्हणालो. पदवीधराच्या शब्दापुढे वुलीचे कोणी ऐकले नाही. त्याची नोकरी गेली. एफीच्या भावाने त्याच्या दाराला डांबर फासले. पाच वर्षे वुलीने मासळीबंदरावर बर्फ फोडला आणि एका फेब्रुवारीत तो धक्क्यावरून समुद्रात गेला. पाय घसरला, अशी नोंद झाली. धक्का कोरडा होता.

नकाशा हरवलेला नाही. तो या कागदास जोडला आहे. अक्षर, तारीख आणि सही माझी. तो वुलीची पत्नी नेट्टा स्ट्रँग हिला द्यावा.

५. माझे राहते घरही तिलाच द्यावे. तिने नाकारल्यास ते विकून त्या वाटेला भिंत बांधावी. गेल्या महिन्यात मी हे तिला सांगायला गेलो. तिने मला उंबऱ्याबाहेरच ठेवले.

“म्हणजे तुम्ही गेल्यावर वाचणार. बरी सोय आहे, डॉक्टर. तोंड मातीत, कागद वर.”

“घर तुमच्या नावावर करतोय, नेट्टाबाई.”

“घर आहे मला. नवऱ्याचं नाव नाही. ते सगळ्यांच्या देखत घालवलंत, तसंच परत द्या.”

पुढच्या शनिवारी मी क्लबात गेलो. सभासदांनी माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची रिकामी केली. मी हवामानावर बोललो आणि परत आलो.

६. माझी रक्षा मैदानावर टाकू नये. तिने मातीचा कस बिघडतो. शिवाय तिथे माझे आणखी काही राहावे, अशी इच्छा नाही.

७. मृत्युपत्र एरवी पाकिटात बंद राहते. हे राहणार नाही. ते मी क्लबाच्या सभागृहात स्वतः उभा राहून वाचेन आणि मगच सही करीन. स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्याने साक्षीदार लागत नाही. मी दोन घेत आहे, कारण माझा एकट्याचा शब्द पुरेसा आहे, असे एकदा मानले गेले होते.

किल्मोरन, शनिवार, १९ ऑक्टोबर १९९१
(सही) मर्डो गिलफिलन

साक्षीदारांचा शेरा: वरील मजकूर डॉ. गिलफिलन यांनी त्रेचाळीस सभासदांपुढे वाचला व आमच्यासमोर सही केली. चौथ्या कलमात ते दोनदा थांबले; पाणी देऊ केले, ते घेतले नाही. नेट्टा स्ट्रँग दाराशी उभ्या होत्या. घराच्या कलमाला त्या “नको” म्हणाल्या. नकाशा त्यांनी तिथेच मागून घेतला, एफी कार्गिल यांच्या भावापुढे टेबलावर पसरला आणि भावाचे तो वाचून होईपर्यंत डॉक्टरांच्या सहीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या.

(सही) ड्युगल्ड पिटकेर्न, क्लबाचा कारभारी
(सही) आयना लॉरिमर, मैदानपाल