वरच्या रकमेवर दहा टक्के

२ ऑगस्ट, शनिवार

दोन टक्के! एक कोटी तीस लाखांच्या फ्लॅटवर दोन लाख साठ हजार. कशाचे? चार फोन करायचे आणि चार माणसं तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवून आणायची.

उदयसिंह नाव. डीलर. आमच्याच मार्केटमध्ये झेरॉक्सच्या शेजारी बसतो. द्वारकेतले निम्मे फ्लॅट आपणच विकले, असं सांगतो. "एक परसेंट में तो आजकल कोई फोन नहीं उठाता, मैडम." मी म्हटलं, विचार करून कळवते. बाबा मध्येच बोलले – "मागतोय ते दे. लवकर होऊन जाईल." त्याच्यासमोर!

बाबांनी आयुष्यात कधी भाव केला नाही. दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात तीस वर्षं रिसेप्शनवर होते. त्यांच्या लेखी दारात आलेला प्रत्येक माणूस पाहुणा.

५ ऑगस्ट

डॉ. विजयालक्ष्मींनी तपासणीचा कागद माझ्याकडे सरकवला, बाबांकडे नाही. फुप्फुसं निम्म्याहून कमी काम करतायत. "ये विंटर यहाँ नहीं. दशहरे से पहले दिल्ली छोड़ दीजिए."

म्हणजे अठ्ठावन्न दिवस.

साताऱ्यात कांताआत्याच्या शेजारची जागा बघून ठेवली आहे. तळमजला. इथलं विकल्याशिवाय ती घेता येत नाही. तोवर आत्याकडे जाऊन राहा म्हटलं, तर – "उद्या बहिणीच्या घरात नाकात नळी घालून बसू? आधी घर घे, मग येतो." विषय संपला.

८ ऑगस्ट

कंपनीच्या बसमध्ये मानेसरपर्यंत गणित केलं. टक्केवारीची पद्धतच चुकीची आहे. फ्लॅट १.२८ ला गेला तर दोन टक्क्यांनी त्याला २,५६,०००. १.४२ ला गेला तर २,८४,०००. फरक फक्त अठ्ठावीस हजार. त्यासाठी तो कशाला घाम गाळेल? पहिला येईल त्याला विकून मोकळा होईल.

त्याला आमच्यासाठी भांडायला लावायचं, तर त्याचा फायदा भावाला बांधला पाहिजे. १.३० पर्यंत अर्धा टक्का. त्याच्या वर जे मिळेल त्यावर दहा टक्के.

दोनदा तपासलं. बरोबर आहे.

१० ऑगस्ट, रविवार

उदयसिंहने कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"आप इंजीनियर हो कि वकील?"

"इंजिनियर."

"अंकल जी, बिटिया को हमारी दुकान पे बिठा दो. मैं घर बैठूँगा."

बाबा हसले, आणि हसता हसता खोकला. पाच मिनिटं. पाण्याचा ग्लास उदयसिंहनेच पुढे केला. मग एक टक्क्यावर आला, पाऊण टक्क्यावर आला. मी हलले नाही. शेवटी सही केली. जाताना म्हणाला, "चलो. जैसा लिखा है वैसा करेंगे."

बाबा दार लावल्यावर म्हणाले, "देवू, तू त्या माणसाला पण मायक्रॉनमध्ये मोजलंस." मी म्हटलं, माझं कामच ते आहे. दिवसभर लॅबमध्ये दुसऱ्यांनी केलेले भाग मोजते. कुणी रागावत नाही.

खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. पहिल्यांदाच काहीतरी हातात आल्यासारखं.

३० ऑगस्ट

एक जोडपं येऊन गेलं. करोल बागेत भाड्याने राहतात, गावची जमीन विकलीय, पैसे तयार. बाईंनी बाल्कनीत उभं राहून दोरी कुठे बांधायची ते ठरवूनच टाकलं. बाबांनी त्यांना चहा पाजला आणि बाथरूमची ओलही दाखवली! न विचारता! तरी त्या हसल्या – "अंकल, ओल तो हर घर में है."

ऑक्सिजन ९४.

६ सप्टेंबर

फोन नाही. मी विचारलं, तर उदयसिंह म्हणतो, "देख रहे हैं, मैडम." उद्यापासून पितृपक्ष. एकवीसपर्यंत इथे कोणी बयाना देत नाही, म्हणजे विसार. पंधरा दिवस बाजार बंदच.

१४ सप्टेंबर, रविवार

भाजी घेताना ती करोल बागेतली बाई भेटली, इकडे घर बघायला आली होती. मला म्हणाली, तुमचा फ्लॅट खूप आवडला होता, पण तुम्ही नाही म्हणालात!

मी? कधी?

तशीच डीलरकडे गेले. तो शांत. "हाँ, वन ट्वेंटी एट दे रहे थे. पूरा पेमेंट, बीस दिन में रजिस्ट्री. मैंने मना कर दिया."

"मुझसे पूछे बिना?"

"पूछना क्या था? काग़ज़ तो आपने ही बनाया. वन ट्वेंटी एट में मेरे चौंसठ हज़ार. वन फोर्टी टू में एक लाख पचासी. आप ही ने समझाया था, जल्दी मत करना."

तसं मी म्हटलं नव्हतं. पण कागद तेच म्हणतो. तो खोटं बोलला नाही, की फसवलं नाही.

मी भावाला बक्षीस लावलं. वेळेला काहीच लावलं नाही. मला वेळ हवा होता.

त्या जोडप्याने सेक्टर बारामध्ये दुसरं घर बघितलं आहे. नवरात्रात विसार देणार.

१५ सप्टेंबर

रजा टाकली. पुन्हा त्याच्याकडे गेले. दोन टक्के देते, म्हटलं. अडीच देते. दसऱ्याच्या आत कोणालाही विका.

उदयसिंह हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "मैडम, श्राद्ध में मैं तीन परसेंट में भी खरीदार कहाँ से लाऊँ?"

बाबांना सांगितलं नाही.

२ ऑक्टोबर

दसरा. आम्ही इथेच. ९१.

९ ऑक्टोबर

फरीदाबादचे एक इंजिनियर. १.४२ कबूल! पण कर्ज मंजूर व्हायला महिना. दुसरं कोणी नाही. हो म्हटलं.

बाबांना आकडा सांगितला, तर डोळे मोठे केले. "एवढे? चोरीचा माल आहे का काही यात?" आत्याला लगेच फोन लावला – "कांते, पोरीने वरचे बारा लाख काढले!" नंतर बराच वेळ बोलता आलं नाही. आत्या पलीकडून "दादा? दादा?" करत राहिली. शेवटी मीच फोन घेतला.

२१ ऑक्टोबर

काल दिवाळी. आज खिडकीतून समोरची इमारत दिसत नाही. ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणलं. फटीफटीत ओले टॉवेल कोंबले, त्याचा काही उपयोग होत नाही हे मोजून पाहिलं, तरी काढले नाहीत.

८६.

३१ ऑक्टोबर

दहा लाख विसार मिळाला. उदयसिंह मिठाई घेऊन आला. "देखा? पूरी मार्केट में इस फ्लोर का ये रेट किसी ने नहीं निकाला." बाबांनी नळी बाजूला करून बर्फीचा कोपरा खाल्ला आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले. तोही उठेना. अंकल जी, सातारा बुलाना, असं म्हणत राहिला.

त्याची फी १,८५,०००. दोन टक्क्यांनी २,८४,००० झाली असती. नव्याण्णव हजार वाचले. फ्लॅटचे चौदा लाख जास्त आले. कागदावर माझं सगळं बरोबर आहे.

१२ नोव्हेंबर

प्रदूषणाचा आकडा ४२०, बाहेर. घरात २६०. बाबांना वाक्य पूर्ण करता येत नाही, म्हणून ते शब्द निवडून बोलतात. आज दिवसभरात: पाणी. पंखा. ऑफिसला जा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रजिस्ट्री झाली. चोपन्न पायऱ्या. उदयसिंहने दोन माणसं आणली, बाबांना खुर्चीसकट उतरवलं, खुर्चीचा पुढचा पाय स्वतः धरला. मी सिलिंडर घेऊन मागे. मधल्या मजल्यावर टेकले, तेव्हा बाबा थांबत थांबत म्हणाले, "सदनात – मुख्यमंत्र्यांना पण – असं – नाही उतरवलं."

बाबांनी सही पूर्ण केली. भालचंद्र, सगळी अक्षरं.

ताबा तीस तारखेला. अठ्ठावीसची तिकिटं काढली आहेत. आत्याने तिकडे, विसार दिलेल्या आमच्या नव्या जागेत फरशी पुसून ठेवली. चला. उशीर झाला, पण निघतोय.

२५ नोव्हेंबर

डॉ. विजयालक्ष्मी: प्रवास नाही. विमान नाही, गाडी नाही, अँब्युलन्सनेही नाही. "अब फरवरी में देखेंगे." देखेंगे म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.

उदयसिंहला फोन केला. द्वारकेतच, तळमजला, दोन खोल्या, भाड्याने, तीस तारखेच्या आत.

"किराये में एक महीने का लेता हूँ, मैडम."

दोन महिन्यांचं भाडं घ्या, म्हटलं. आज दाखवा.