उरलेल्या गोळ्या

बाबा, तुम्ही गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला नाहीत. इतक्या वर्षांनी लिहायला बसले तरी पहिलं हेच सुचतं, आणि दुःखाच्या आधी तिटकारा येतो. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेला माणूस, आणि तोंडाला लोखंडाची चव येते म्हणून दोन दिवसांत गोळ्या बंद.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मानपाड्याला आपण टँकरचं पाणी प्यायचो आणि ते उकळणं तुम्हाला बायकी थेर वाटायचं. तुम्हाला आमांश झाला तेव्हा मी ठाण्याच्या प्रयोगशाळेत, तो ज्याच्यामुळे होतो त्याच अमीबाच्या एन्झाइमांवर काम करत होते. जेवताना तुम्हाला समजावलं, की गोळी मुळात विषारी नसते. साखरेतून ताकद काढायला अमीबा जो एन्झाइम वापरतो, तोच गोळीचं विष करतो. आपल्या पेशींत तो एन्झाइम नाही, म्हणून मरतो तो अमीबाच. पण गोळ्या अर्धवट सोडल्या तर उरलेले अमीबा यकृतापर्यंत जातात.

तुम्ही हात धुऊन थेट जिन्यात गेलात. शेजारचे काका भेटले.

"अहो, हा जंतू आपलं विष आपणच रांधतो. आपण फक्त शिधा पुरवायचा."

"मग सर, पुरवताय ना शिधा?"

"मला काय धाड भरलीय?"

दोघंही हसलात. आई मला म्हणाली, "अगं, तू तरी सांग त्यांना." मी सांगितलं. "माझं पोट तू मला शिकवणार?" म्हणालात. आपल्या घरात तुमच्यापुढे दुसऱ्यांदा बोलायची पद्धत नव्हती.

दिवाळीनंतर ताप आला, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं. कल्याणच्या इस्पितळात यकृतातलं गळू फुटलं, त्याच्या आदल्या संध्याकाळीही तुम्ही शेजारच्या खाटेवरच्या माणसाला एन्झाइम समजावत होतात. सोडलेल्या गोळ्यांबद्दल अवाक्षर नाही. शोकसभेत लोक म्हणाले, सर शेवटपर्यंत शिकवत होते. मी खाली बघत बसले. मला तुमची लाज वाटत होती.

मी अजून त्याच कामात आहे. अमीबाच्या दुसऱ्या एका एन्झाइमला अडवून एकाच गोळीत त्याला संपवणारं औषध आम्ही शोधतो आहोत. एकच गोळी कशाला, असं कुणी विचारलं तर मी सांगते, गरिबाला पूर्ण कोर्स परवडत नाही. ते खोटं नाही. पण हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. काम करताना माझ्या डोळ्यांसमोर गरीब नसतात. दुसरी गोळी घेणार नाही असा एक हेकट माणूस असतो, आणि तो वाचायला हवा असतो.