पाठीला पाठ लावून

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही दोघं बरे असाल. मी ठणठणीत आहे, फक्त घसा बसलाय. दिवसाला पाच तास परक्या भाषेत बडबड केल्यावर दुसरं काय होणार! मावशीशी तुझा अबोला अजून चालूच आहे, असं वहिनींनी कळवलं. त्याबद्दलच लिहायचंय, पण आधी इकडची हालहवाल.

माझी शिकवणी नक्की कसली, हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. मी कंपन्यांमध्ये जाते आणि परदेशी गिऱ्हाइकांशी त्यांच्या भाषेत फोनवर कसं बोलायचं ते शिकवते. भाव कसा सांगायचा, नाही कसं म्हणायचं, चूक झाली तर कशी कबूल करायची. दोघांना पाठीला पाठ लावून बसवते, कारण फोनवर तोंड दिसत नाही. एक जण कंपनी, दुसरा गिऱ्हाईक.

सध्याच्या वर्गात गोदामाचे प्रमुख आहेत, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. परवा त्यांनी माल उशिरा पोचला एवढंच सांगायचं होतं. पण ट्रक बंद पडला, रस्ता खोदलेला होता, ड्रायव्हरच्या सासूला बरं नव्हतं... वर्गाची हसून हसून पुरेवाट.

मी म्हटलं, "भाऊसाहेब, सासूबाईंना घरीच राहू द्या. काय झालं आणि चूक कोणाची, तेवढंच बोला."

ते कावले. "सांगणं सोपं असतं, मॅडम. तुम्ही बसा की या खुर्चीत. मी होतो गिऱ्हाईक. आणि चूक खरी सांगा, पुस्तकातली नको."

मी बसले. आणि त्या भाषेत माझ्या तोंडून निघून गेलं, "आई आजारी असताना मी गेले नाही. रजा मिळत नाही, असं घरी सांगितलं. ते खोटं होतं. मी रजा मागितलीच नव्हती."

वर्गाला वाटलं, नमुना आहे. टाळ्याही पडल्या. भाऊसाहेब मात्र न वळता हळूच म्हणाले, "हे तुम्ही त्यांना कळवलंय का?"

मी तास तिथेच संपवला.

दादा, तुला कळवतेय. तुझा फोन आला तेव्हा मी जुन्या नोकरीत होते आणि या नोकरीसाठी मला नमुन्याचा तास घ्यायचा होता, तीनच दिवसांवर. वाटलं, एवढं उरकून निघू. आई तेवढे दिवस काढेल, असं मी धरूनच चालले. तिने काढले नाहीत.

मावशी बाराव्याला सगळ्यांसमोर म्हणाली, "यायचं असतं तर आली असती." तू तिच्यावर तुटून पडलास, "तिच्या साहेबाने सोडलं नाही," म्हणालास, आणि दोन वर्षं तिच्या घरची पायरी चढला नाहीस. मी ऐकत होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. तुझ्यापुढे खूप लाज वाटते रे, आईपुढे वाटते तितकीच.

मावशी खरं बोलली होती. तिच्याकडे जाऊन ये. मग माझ्याशी बोलायचं की नाही ते ठरव, आणि माझ्यासाठी पुन्हा कोणाशी भांडू नकोस.

जिला तू एकदाही खरं-खोटं विचारलं नाहीस, ती

तुझी धाकटी