अंधाराचं माप

४ मार्च, मंगळवार

आज गिऱ्हाइकाच्या पलंगावर बसलो!

पंचवीस वर्षं लोकांच्या बेडरूममध्ये पडदे लावतोय, कधी कुणाच्या पलंगाला टेकलोसुद्धा नाही. शिडीवर चढायचं, खाली उतरायचं, दमलं तर जिन्यात जाऊन बसायचं. आज पाचव्या मजल्यावरच्या बाई चहा ठेवायला आत गेल्या आणि मी बसलो. ठरवून नाही. पायच वाकले.

खोलीच तशी आहे. भिंती वांग्याच्या सालीच्या रंगाच्या, छतही त्याच रंगाचं. जाड मखमली पडदे — आम्हीच शिवलेले. कोपऱ्यात पितळी दिवा, त्याचा पिवळा उजेड गुडघ्याच्या वर येत नाही. बाई म्हणाल्या, "सगळे हसले मला. म्हणे गुहा केलीस की काय! पण मी इथे आले ना, की दिवसभराची कटकट दाराबाहेर राहते." मी पडदा ओढून दाखवला. भर बारा वाजता खोलीत मिट्ट अंधार.

तेव्हा बायको आठवली. म्हणजे ती नाही, तिचं झोपणं आठवलं. भर उन्हात, डोळ्यांवर माझा जुना मफलर बांधून.

ती घर सोडून गेली त्याला आज सेहेचाळीस दिवस. काही वाटलं नाही. चहा घेतला, शिडी उचलली, निघालो.

५ मार्च

मापाच्या वहीत मागच्या बाजूने लिहितोय. पुढून लोकांच्या खिडक्या, मागून मी. कुणी वाचेल ही भीती नाही. माझं अक्षर आमच्या शिलाई मास्तरांनासुद्धा लागत नाही.

एकदा नीट लिहून ठेवतो. ती नर्स आहे. एकोणीस वर्षं रात्रपाळी. रात्री आठला घर सोडायची, सकाळी साडेआठला परत. मी सकाळी सातला बाहेर, रात्री साडेनऊला घरात — गिऱ्हाइकं संध्याकाळीच घरी सापडतात, त्याला कोण काय करणार! दिवसभर बेडरूम तिची, म्हणून मी हॉलमधल्या दिवाणावर झोपायची सवय लावून घेतली. जेवण टेबलावर झाकलेलं असायचं. बेडरूमचं दार लोटलेलं. जेवायचं, टीव्ही लावायचा, टीव्हीसमोरच डोळा लागायचा. एका घरात दोन भाडेकरू, दोघेही सज्जन. मूलबाळ नाही. त्याबद्दल रडून झालंय, दोघांचंही, वेगवेगळ्या वेळी.

आमची बेडरूम पांढरीफटक. मोठी खिडकी, आणि तिच्यावर दोन खिळ्यांना टांगलेली जुनी चादर. पडदेवाल्याच्या घरात चादर! सुरुवातीला ती म्हणायची, "अहो, एक जाड पडदा शिवा ना मला. ऊन डोळ्यांत येतं." मी म्हणायचो, हातातलं काम संपू दे. काम काही संपलं नाही. पुढे पुढे तिने म्हणणं सोडलं. डिसेंबर-जानेवारीत तर हॉटेलचं काम होतं, एक दिवस सुट्टी घेतली नाही. साठ खोल्या. साठच्या साठ खिडक्यांना काळं अस्तर लावलं.

एक दिवस सकाळी मी बूट घालत होतो, ती बॅग घेऊन दारात. "मी थोडे दिवस ताईकडे राहते." मी म्हटलं, बरं. ती उभीच राहिली. मग मी विचारलं, गाडी बोलावू का?

हे लिहितानाही काही वाटत नाही. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला नसतो, तसं.

७ मार्च, शुक्रवार

ठरलं. खोली करायची. पाचव्या मजल्यासारखी, त्याहून काळोखी. तिने एकदा तिथे सलग आठ तास झोप काढली, की ती परत येईल. असं डोक्याला वाटतं. बाकी कुठे काही वाटत नाही, पण डोकं तरी चालतंय!

९ मार्च, रविवार

रंगारी आला. आमच्या दुकानातून काम मिळणारा, ओळखीचा माणूस. रंगाचा तुकडा दाखवला तर माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याच्याकडे पैसे मागितले.

"साहेब, हा रंग मी आजवर गेटला दिलाय. माणसांच्या खोलीला नाही."

"छतालाही हाच द्यायचाय."

"छत तरी पांढरं ठेवा! जीव गुदमरेल."

मी त्याला समजावलं — छत पांढरं ठेवलं की नजर वर जाते, खोली उघडी वाटते. छत बुडवलं की खोली अंगाशी येते. हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितलंय की तोंडपाठ आहे. तो म्हणाला, "तुमचं घर, तुमची मर्जी. तीन हात लागतील. पांढरं सहजासहजी झाकलं जात नाही."

११ मार्च

पहिला हात झाला. भयंकर दिसतंय. करपलेल्या दुधाच्या पातेल्यात उभं राहिल्यासारखं. रंगारी नुसता खाकरला.

पलंग हॉलमध्ये आणून ठेवलाय. रात्री चांगला मऊ पलंग रिकामा आणि मी शेजारी दिवाणावर. सवय!

१३ मार्च, गुरुवार

मखमल घेतली, जांभळट काळी. मास्तरांनी विचारलं, कुणाचं काम? मी म्हटलं, घरचं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अरे वा. बोहनी झाली म्हणायची तुझ्या घरची. बायको आली परत?"

"येईल. खोली झाली की."

"विचारलंस तिला?"

"काय विचारायचंय? तिला काय हवंय ते मला माहीत आहे. एकोणीस वर्षं ऐकलंय."

मास्तर मशीनवर वाकले. "माझं काय जातंय! पण गिऱ्हाइकाकडे जातोस तेव्हा अर्धा तास प्रश्न विचारत बसतोस. कधी झोपता, कधी उठता, ऊन कुठून येतं, झोपेत कुशी कुठली. लोक कंटाळतात तुला."

खरं आहे. विचारतो मी. विचारल्याशिवाय टेप काढत नाही. पण ही काय गिऱ्हाईक आहे!

१४ मार्च

दुसरा हात.

१६ मार्च, रविवार

आज मोठी फजिती. मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर खरखरीत. पडद्याच्या दोन्ही भागांची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर एक भाग काळा दिसतो आणि एक धुरकट. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी एक भाग उलटा कापला! स्वतःच्या हाताने, भर उजेडात.

मास्तरांनी दोन्ही भाग दाराला टांगून बघितले. मला वाटलं आता चिडतील. ते एवढंच म्हणाले, "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा." आणि नवीन कापड अंथरलं. स्वतः कापलं. मला कात्री दिली नाही.

माझा राग आला मला. बरं वाटलं — काहीतरी आलं!

१८ मार्च

तिसरा हात. काय दिसतोय! आता तो रंग भिंतीवर नाही, भिंतीच त्या रंगाच्या. रंगारी डबे धुवायचे सोडून मधोमध पाय पसरून बसला होता. मी डोकावलो तर म्हणाला, "साहेब, पाच मिनिटं. इथून उठवत नाही." जाताना माझ्याकडे त्या रंगाचं नाव लिहून मागितलं.

२० मार्च, गुरुवार

पडदे लागले. अस्तरासकट, चौकटीच्या दोन्ही बाजूंना एक-एक वीत जास्त, खाली जमिनीला टेकलेले. मग दुपारी दार लावून आत उभा राहिलो आणि उजेड शोधायला लागलो, गादीत ढेकूण शोधतात तसा. वरून एक रेघ. सुताराकडून फळीची पेटी करून घेतली, दांड्यावर ठोकली. डाव्या कडेला एक कवडसा — अस्तर वळवून भिंतीला चिकटवलं. दाराखालून उजेड — जाड पट्टी. शेवटी डोळ्यांपुढे हात धरला आणि हात दिसला नाही.

मग पितळी दिवा लावला. लोखंडी कपाटालाही तोच रंग दिलाय, ते भिंतीत विरघळून गेलं. गडद हिरवी रजई, खाली पाय बुडेल असा गालिचा. माझं काम मी ओळखतो, आजवर इतकं चांगलं केलं नाही. हॉटेलातही नाही.

दिवा विझवून थोडा वेळ आडवा झालो. वाटलं, आता तरी रडू येईल. झोप आली!

२२ मार्च, शनिवार

दुपारी दोनला ताईंना फोन केला. तिची थोरली बहीण, जिभेला धार.

"भाऊजी! दोन महिन्यांनी आठवण झाली. पत्ता विसरलात की माणूस?"

म्हटलं, तिला द्या जरा.

"ती नाहीये. ड्यूटीवर गेलीय."

दुपारी दोनला रात्रपाळीवाली ड्यूटीवर! मला काय दूधखुळा समजतात? झोपली असेल आत, किंवा बोलायचं नसेल. मी वाद घातला नाही. म्हटलं, निरोप द्या, घरी काही दाखवायचंय.  ताई जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "तिने वाट पाहिली हो तुमची." मी म्हटलं, मीही पाहतोय. त्यांनी फोन ठेवला.

२४ मार्च

तिचा मेसेज. "काय दाखवायचंय?"

मी लिहिलं — आल्यावर बघ. रविवारी सकाळी ड्यूटी संपली की सरळ इकडेच ये. इथेच झोप.

बऱ्याच वेळाने उत्तर. "सकाळी जमणार नाही. चारनंतर येते."

चारला येऊन झोपणार कधी आणि कामाला जाणार कधी? पण येतेय. येतेय हे महत्त्वाचं.

२६ मार्च

मास्तरांना सांगितलं, रविवारी येतेय. त्यांनी मशीनखालून कापडाची पिशवी काढली. उरलेल्या मखमलीची उशी शिवली होती, न सांगता. "बायकोला दे. मी दिली म्हणू नकोस, तू शिवलीस म्हण." मग म्हणाले, "नको. मी दिली म्हण. खोटं कशाला?"

२८ मार्च

छातीत धडधड. दोन-तीनदा झाली. चांगली की वाईट, कळत नाही. पण आहे!

२९ मार्च, शनिवार

फरशी पुसली. दिवाणावरची माझी उशी आणि पांघरूण उचलून आत नेलं. पलंगावर दोन उशा शेजारी ठेवल्या. मग संकोच वाटला, एक काढली. मग परत ठेवली. सत्तेचाळीस वर्षांचा घोडा!

उद्या काय बोलायचं ते आठवून ठेवलंय. "उशीर झाला, चुकलं माझं." एवढंच. जास्त बोलायला गेलो की मी विषय बदलतो, मला माहीत आहे.

३० मार्च, रविवार

आली. खोली पाहिली. सहा वाजता गेली.

आज लिहवत नाही.

३१ मार्च

ती आत गेली तेव्हा मी दिवा लावलेला ठेवला होता. तिने भिंतीवरून हात फिरवला, पडदा ओढला, पुन्हा उघडला. पलंगावर बसली. डोळे भरले होते. म्हणाली, "किती सुंदर केलंय हो. एवढं माझ्यासाठी?" मी म्हटलं, आता दिवसा कितीही झोप. उशीर झाला, चुकलं माझं.

तिने विचारलं, "तुम्हाला ताई काहीच बोलली नाही?" मग म्हणाली, "मला दिवसपाळी मिळालीय. डिसेंबरात."

मी म्हटलं, डिसेंबरात तर तू इथेच होतीस.

"इथेच होते. पाच आठवडे. पहिल्या रात्री तुम्हाला सांगायचं म्हणून जागी राहिले. वाटलं, आत दिवा आहे, दार उघडून बघाल. तुम्ही जेवलात, टीव्ही लावलात. दुसऱ्या दिवशीही. मग मी ठरवलं, आपण नाही सांगायचं. बघू कधी कळतंय." हे ती भांडून नाही बोलली. पेशंटच्या नातेवाइकाशी बोलतात तसं बोलली. उद्याच्या एक तारखेपासून तिने दवाखान्याजवळ स्वतःची खोली घेतलीय.

त्या पाच आठवड्यांत टेबलावरचं जेवण गरम असायचं. आठवतंय मला. बरं वाटायचं खाताना.