झपाटचे अठरा डबे

१ डिसेंबर, सोमवार
एकदाची कोल्हापुरात आले. राधानगरीहून सकाळची एसटी धरली. मांडीवर आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी, पायांत बाबांनी आणलेले नवे बूट. स्टँडवर रिक्षावाल्यानं मलाच पावणं म्हणून हाक मारली, हसूच आलं. पोलीस भरतीची अकॅडमी कळंब्याच्या बाजूला, उसाला लागून आहे. मैदान लाल मातीचं, मऊ. खोलीत दोन कॉट. दुसरी संयोगिताची. ती हातकणंगल्याची, वर्षभर इथंच आहे. तिनं माझं अंथरूण घालून दिलं, गरम पाणी कधी येतं ते सांगितलं. जेवण झुंबरबाई करतात. पहिल्याच घासाला तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं. फार बरं वाटतंय.

३ डिसेंबर, बुधवार
आठशे मीटरला मला तीन मिनिटं चौदा सेकंद लागले. संयोगिताला दोन बेचाळीस. गावाकडं मला कुणी मागं टाकलं नव्हतं. आमचे गणपतराव सर, रिटायर्ड हवालदार, सगळ्यांना म्हणाले, पळणं बघायचं तर हिचं बघा. गारठ्यात प्रत्येकीच्या तोंडातून वाफ निघत होती. ही मात्र नळावर निवांत हात धूत होती, ना धाप ना वाफ. जेवताना झुंबरबाईंनी न मागता तिच्या ताटात दुसरी भाकरी टाकली. मला विचारलंही नाही. संयोगितानं अर्धी मोडून मला दिली. मी ती तशीच ताटात ठेवली.

६ डिसेंबर, शनिवार
कळलं, दाराच्या फटीतून दिसलं. रोज सकाळी ती न्हाणीला कडी लावून एक डबा पिते. हिरवा, वर 'झपाट' लिहिलेलं. चौकातला मार्ट स्वतःचा ब्रँड म्हणून विकतो ते एनर्जी ड्रिंक. नावाजलेल्या डब्यांच्या खाली, अगदी तळाच्या फळीवर, सगळ्यात स्वस्त. मी विचारलं तसा तिचा चेहरा पडला.
"तू नगं लागू त्याच्या नादी," ती म्हणाली. "तुझं पळणं तुझं हाय. त्येच बरं हाय."
म्हणजे स्वतः प्यायचं आणि मला शहाणपण शिकवायचं. संध्याकाळी जाऊन पिशवीभर डबे आणले.

८ डिसेंबर, सोमवार
गुळाच्या पाण्यात लोखंडी खिळे भिजत घातल्यासारखी चव. घशाखाली गार उतरलं आणि छातीत गारच राहिलं. पण पळाले! दोन छप्पन्न. धाप नाही, पोटात दुखणं नाही. सरांनी पाठीवर थाप मारली. संयोगितानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. जळली, मनात म्हटलं. तेवढा आनंद मला त्या दोन छप्पन्नचाही झाला नव्हता.

१२ डिसेंबर, शुक्रवार
दोन चव्वेचाळीस. ती दोन चाळीस. चार सेकंद! तिची वेणी रोज माझ्या पुढं हलते, ती बघत पळायचं. भूक लागत नाही. चटणीला बुरशी आली. आता माझ्याही तोंडातून वाफ येत नाही. मला त्याचं बरंच वाटलं, झाले एकदाची तिच्यासारखी. पण पुढं तीच.
आज मार्टमध्ये तळाच्या फळीवर अठरा डबे होते. सगळे उचलले. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, हा माल आता बंद झाला, परत यायचा नाही. डबे ट्रंकेत ठेवले, कुलूप लावलं. तिला मिळू नयेत, एवढंच.

१५ डिसेंबर, सोमवार
संयोगिता आज शेवटून दुसरी आली. दुपारभर दुकानं पालथी घालून रिकाम्या हातानं परतली. कुठं झपाट दिसलं का, विचारलं. मी नाही म्हटलं. सरांनी सगळ्यांपुढं माझं नाव घेतलं.

१७ डिसेंबर, बुधवार
ती उठलीच नाही. डॉक्टर दारातूनच बघून गेले, अशक्तपणा आहे म्हणाले. आम्ही दोघीच उरलो तेव्हा तिनं आपलं मनगट माझ्या हातात दिलं. फरशीसारखं गार.
"काळीज आता त्याच्यावरच चालतंय गं," ती म्हणाली. "वर्ष झालं. प्यायचं थांबलं की त्येबी थांबतंय. म्हणून तुला नगं म्हटलं."
मी मोजलं. एक ठोका. मग कितीतरी वेळ काही नाही. मग एक.
ट्रंक कॉटखालीच होती, किल्ली माझ्या गळ्यात. एक डबा दिला असता तर — पण मग परवाच्या चाचणीत ती पुन्हा पुढं. मी तिचा हात चादरीवर ठेवला आणि मैदानावर गेले.

१९ डिसेंबर, शुक्रवार
दोन अडतीस. पहिली.
परत आले तर दारात झुंबरबाई बसलेल्या, पदर तोंडाला लावून. आत संयोगिता. डोळे उघडे. उशाशी माझे मोजे, धुऊन घडी घातलेले. कधी धुतले तिनं —
तिचे वडील आले. मला म्हणाले, पोरी, फोनवर ती तुझंच कौतुक सांगायची. ही माझ्याही पुढं जाईल म्हणायची.

२४ डिसेंबर, बुधवार
तीन उरलेत. एक पुरत नाही, दोन लागतात. राजारामपुरी, शाहूपुरी, सगळीकडं विचारलं. कुठंच नाही. तिच्या कॉटवर नवीन मुलगी आलीये, कोडोलीची. आज धापा टाकत आली, तोंडातून वाफा. मी बघतच राहिले. मला तिचा इतका राग आला, इतका — ती दमते म्हणून.

२६ डिसेंबर, शुक्रवार
संपला. अर्धा सकाळी, अर्धा आत्ता. बाबांना फोन केला, न्यायला या म्हटलं. का ते सांगता आलं नाही. उद्या डेअरीला दूध घालून निघतो म्हणाले.

२७ डिसेंबर, दुपार
अंगावर ऊन आहे. लागत नाही. मनगट धरून बसलेय.
एक.
डबे माझ्याकडं होते. हे कुणीतरी तिच्या वडिलांना — तिनं मागितलाही नव्हता. नुसता हात दिला होता —
एक.
खाली बाबांची हाक. नंदे म्हणतायत. ओ द्यायचीय, पण श्वासच — बाबा, वर या, मी इथं