आईच्या नावानं घेतलेली हरकत

सन्माननीय व्याही धनीरामजी यांस,

टिकारामचा हात जोडून रामराम. आपली तब्येत, विहीणबाईंचे गुडघे आणि आमची रक्षा, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. (फोन लावला की रक्षा नेमकी कामात असते, म्हणून पत्र.) इकडे धान निसवलं आहे, पण घरात सुतक असल्यासारखी शांतता आहे आणि कारण मीच.

गेल्या महिन्यात मतदान केंद्रांची कच्ची यादी वेबसाईटवर लागली. आमच्या टोली गावच्या शाळेला भेगा पडल्या म्हणून केंद्र थेट तुमच्या आसगावला! आता आई (वय ब्याऐंशी, आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही) नातीच्या सासरच्या गावात पाण्याचा थेंब घेणार नाही, हे आपण जाणताच. दोन तास रांगेत तहानलेली उभी राहून म्हातारी काही परत येत नाही, या काळजीनं मी हरकत नोंदवायला बसलो. बसलो म्हणजे तलावाच्या पाळीवर, कारण नेट तिथंच येतं. कारणांच्या यादीत अंतर होतं, नाला होता, पायऱ्या होत्या. नातीचं सासर नव्हतं. शेवटी 'इतर'मध्ये पन्नास अक्षरांत आपली सगळी चालरीत कोंबली. मग पुरावा मागितला. पाणी न पिण्याचा पुरावा काय देणार? आईचा तांब्यासकट फोटो जोडला.

सरकारी वेबसाईट, म्हणजे काही होणार नाही, या भरवशावर मी निर्धास्त होतो. तर आठ दिवसांत हरकत मंजूर! केंद्र टोलीतच, अंगणवाडीत. गावानं मला हार घातला. आईनं बोलणं सोडलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुले कोनं सांगतलं होतं हरकत घ्याले? मत देता देता रक्षाले पाहून आली असती ना मी. आता कोन्त्या निमित्तानं जाऊ?"

बोलावल्याशिवाय नातीच्या दारात जाणं तिला शोभत नाही; मत द्यायला जाणं शोभलं असतं. अर्ज तिच्या नावानं टाकला आणि तिलाच विचारलं नाही, याचं फार वाईट वाटतं हो. हरकत मागे घ्यायला पुन्हा पाळीवर गेलो, तर तसं बटणच नाही.

आपला,
टिकाराम

ता. क. : मागच्या दिवाळीपासून आपण रक्षाला माहेरी पाठवलेलं नाही. यंदा चार दिवस पाठवाल का? आई आता फार थकली आहे.

दुसरा ता. क. : आई विचारते आहे, व्याह्यांवर हरकत घ्यायची तर कुठं दाबायचं. मी अजून सांगितलेलं नाही.